चौदा रात्रींचा पाहुणा

"बाबा, आत व्हा! जिन्यात आल्यात त्या तपासनीसबाई!"

व्हर्डेलने वडिलांना कपाटात ढकललंच, लटकत्या कोटांच्या मागे. एझेल ऐंशीचे. "अगं, माझी हॅट चुरगळतेय..."

"हॅट गेली खड्ड्यात! हूं की चूं करू नका."

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या सरकारी इमारतीतली ती खोली तिच्या एकटीच्या नावावर होती. पाहुणा चौदा रात्री चालतो, पंधराव्या रात्री घरच जातं. बाबांना येऊन पाच महिने झाले होते. त्यांचं नाव चढवायला गेली, तर कचेरीने त्यांचा चाळीस वर्षांपूर्वीचा तुरुंगवास उकरून काढला आणि नाव नाकारलं. आज ते सापडले की दोघं रस्त्यावर. वृद्धाश्रमात चादरी धुणारीला दुसरं घर देतंय कोण! त्यांची काठी, दाढीचं सामान, सगळं तिने सकाळीच शेजारी लपवलं होतं.

तपासनीस पेटवेबाईंनी नळ सोडून पाहिला, शेगडी पेटवून पाहिली.

"एकट्याच राहता ना?"

"एकटीच, मॅडम."

बाई कपाटापाशी आल्या. शेजारच्या हीटरची जाळी त्यांनी हलवली, धूळ उडाली आणि त्यांना सणसणीत शिंक आली.

"देव तुमचं भलं करो, मॅडम!" कपाटातून आवाज आला.

मेला हा चांगुलपणा! कुणी शिंकलं की म्हातारा आशीर्वाद दिल्याशिवाय राहायचाच नाही. चर्चमध्ये, बसमध्ये, अगदी भांडण चालू असतानासुद्धा.

बाईंनी कपाटाकडे पाहिलं, मग व्हर्डेलकडे. तिने हात जोडले. "मॅडम, पाया पडते तुमच्या..."

"थँक्यू हं, काका," पेटवेबाई बंद दाराला म्हणाल्या. कागदावर कपाटापुढे 'ठीक' अशी खूण केली. मग दबक्या आवाजात व्हर्डेलला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला माझ्या जागी दुसरं कुणी असेल. काय ते बघा."

त्या जिना उतरून जाईपर्यंत व्हर्डेल जागची हलली नाही. मग धावत कपाटाशी गेली. "गेल्या, बाबा! वाचलो! या बाहेर!"

दार उघडेना. आतून त्यांनी ते घट्ट ओढून धरलं होतं.

"नको उघडू, पोरी," एझेल म्हणाले. "भीतीने... आवरलं नाही मला. दुसरी पँट आण. खाली ठेव आणि तोंड फिरव."

व्हर्डेलने शेजारून त्यांची पँट आणली, नीट घडी घालून दाराशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.