शिक्का नसलेली फुलदाणी

दत्तोबांच्या वर्षश्राद्धाला आलेली माणसं जेवून गेली, आणि विजयश्रीबाईंनी शोकेसची काच सरकवून आतली तपकिरी फुलदाणी बाहेर काढली. तिच्यातली प्लास्टिकची फुलं बाजूला ठेवली, ओल्या फडक्याने ती पुसली आणि अनुयाच्या हातात दिली. "तुझ्या आईची आहे. आता तुझ्याकडे असू दे," म्हणाल्या.

अनुया त्यांनाच आई म्हणत असे. जन्म देणारी मृदुला ती चार वर्षांची असताना काविळीने गेली. पुढच्या वर्षी विजयश्रीबाई आकुर्डीच्या त्या दोन खोल्यांत आल्या. त्यांनी अनुयाच्या वेण्या घातल्या, पाढे घोकून घेतले, तिच्या बाळंतपणात रात्री जागवल्या. त्यांच्या मायेत खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच असेल कदाचित, पहिलीचं नाव घरात कुणी घेत नसे. तिचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात नवरीची मान खाली होती. लहानपणी अनुयाने एकदा अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं होतं, आई कशी होती म्हणून. "चांगली होती," एवढं बोलून दत्तोबांनी पायात चपला सरकवल्या आणि ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. एरवीही ते कमीच बोलत. पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. कामावरून यायचे, चहा घ्यायचे, पेपर उघडायचे, की मग घरात असून नसल्यासारखे. त्या गप्प बसण्याचा अनुयाला राग होता. ते गेले तरी तो गेला नव्हता.

सांगवीला घरी आल्यावर तिने फुलदाणी उलटी करून पाहिली. नाव नाही, शिक्का नाही, साधा आकडाही नाही. चाकणच्या कंपनीत ती खरेदी विभागात होती. ज्या पार्टवर बनवणाऱ्याचा कोड नसेल तो तिथे गेटच्या आत येत नसे. जन्मभर डोळ्यांसमोर असलेल्या या वस्तूबद्दल मात्र तिला कधी प्रश्नच पडला नव्हता. आईने ही विकत घेतली असेल? कुणी आहेर दिला असेल? की तिने स्वतःच केली असेल? हा शेवटचा विचार एकदा मनात शिरला आणि मग काही केल्या बाहेर पडेना.

तिच्याच रस्त्यावर स्वरूपा नावाची एक बाई मातीकामाचे वर्ग घ्यायची. अनुया फुलदाणी घेऊन तिच्याकडे गेली. स्वरूपाने ती हातात तोलली, नखाने वाजवली, आतून बोट फिरवलं, आणि मग खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं. तारांखाली चिनीमातीचे इन्शुलेटर होते. अगदी तसाच तपकिरी रंग, तशीच चकाकी. ही माती इन्शुलेटरच्या कारखान्यातलीच असणार, स्वरूपा म्हणाली. आणि ही चाकावर ओढून घडवलेली नाही, लेथवर कापलेली आहे, अंगावर हत्याराच्या बारीक रेषा दिसतात. मग तिने तळाशी दोन लहानसे पांढरे ठिपके दाखवले. झिलईच्या टाकीत बुडवताना वस्तू जिथे धरतात तिथे झिलई लागत नाही. ती बुडवणाऱ्याची बोटं.

अनुयाने आपली बोटं तिथे ठेवून पाहिली. दोन्ही बाजूंनी थोडी बाहेर आली.

"हात लहान होता," स्वरूपा म्हणाली. "बाईमाणूस असणार."

त्यानंतरचे दिवस अनुयाचे हरवल्यासारखे गेले. मीटिंग चालू असताना तिचा अंगठा बोटांच्या टोकांवर फिरत राही. आईचं काहीतरी आठवावं म्हणून ती डोळे मिटून बसे, पण चार वर्षांच्या पोरीच्या हाती काय लागणार? एक ओला पदर आठवायचा, आणि तोही खरंच आईचा की विजयश्रीबाईंचा याची खात्री देता येत नव्हती. तिने आकुर्डीला फोन केला. विजयश्रीबाईंना एवढंच ठाऊक होतं की मृदुला चिंचवडला नोकरी करायची. कुठली कंपनी, काय काम, ते यांनी कधी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही, असं त्या म्हणाल्या.

ऑफिसातल्या गुरुदत्तच्या सासऱ्यांनी चिंचवडच्या इन्शुलेटर कारखान्यात उमेदीची वर्षं काढली होती. कारखाना कधीच बंद पडला होता, तिथे आता टॉवर उभे होते. पण जुन्या कामगारांचा व्हॉट्सॲप ग्रुप जोरात चालू होता. गुरुदत्तने सासऱ्यांकरवी फुलदाणीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली मृदुलाचं नाव लिहिलं. बरेच दिवस काही आलं नाही. मग देहूरोडच्या कस्तुराबाईंचा आवाजातला निरोप आला: ती वस्तू घेऊन पोरीला माझ्याकडे पाठवा.

रविवारी अनुया स्कूटरवरून देहूरोडला गेली. कस्तुराबाई सत्तरीच्या पुढच्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या. त्यांनी पाणी दिलं, फुलदाणी मांडीवर घेतली, उलटी केली, आणि ते दोन ठिपके दिसताच त्यांचा चेहराच बदलला.

"मृदुलाचीच बोटं ही," त्या म्हणाल्या. "अशी दोन बोटांत धरायची. साहेब सांगून थकला, पन ऐकत न्हवती."

मग त्या बोलत सुटल्या. झिलईच्या खात्यात दोघी एकाच टाकीवर उभ्या असत. मृदुला रागवायची पटकन आणि हसायची त्याहून पटकन. डब्यातल्या चटणीवर तिचा हक्क आणि भाजी इतरांना. काविळीत डोळे पिवळे झाले तरी कामावर यायची, शेवटी कस्तुराबाईंनीच दटावून घरी बसवली. अनुया एकेक शब्द असा घेत होती, की जणू सांडला तर परत मिळणार नाही.

"म्हणजे ही तिनं केली," ती म्हणाली.

"न्हाई गं पोरी. तिनं बुडवली. केली दत्तोबानं."

अनुयाला क्षणभर कळलंच नाही. "कोण दत्तोबा?"

"कोण म्हंजे? तुझा बाप."

अण्णा त्या कारखान्यात होते हेच तिला ठाऊक नव्हतं. कस्तुराबाईंनी सांगितलं, ते कच्च्या मातीच्या लेथवर होते. वाकडा निघालेला नग पुन्हा चिखलात टाकायचा असे. तसल्याच एका नगातून दत्तोबांनी जेवणाच्या सुट्टीत ही फुलदाणी कापून काढली. सुकल्यावर ती हातात घेऊन सगळ्या बायकांसमोरून चालत आले, मृदुलापुढे ठेवली आणि म्हणाले, एवढीला आंघोळ घालून द्या. खात्यात हशा पिकला. मृदुला लाल झाली, पण तिने ती बुडवली. सुपरवायझर भला माणूस होता. त्याने सगळं पाहिलं आणि एवढंच बजावलं, की कंपनीचा शिक्का मारू नका. शिक्का नसला तर गेटवर कुणी विचारणार नाही. भट्टीतून निघाली ती तशीच, कोऱ्या तळाची. त्याच उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं.

"लई बडबड्या होता दत्तोबा," कस्तुराबाई म्हणाल्या. "शिफ्टभर तोंड चालू. साहेबाच्या नकला करायचा." आणि त्या उठून, एक हात पाठीशी धरून, नाक वर करून दोन पावलं चालून दाखवू लागल्या.

आपण भलत्याच माणसाबद्दल ऐकतो आहोत असं अनुयाला वाटलं. "मावशी, आमचे अण्णा बोलायचेच नाहीत," ती म्हणाली.

कस्तुराबाई खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी फुलदाणीवरून हात फिरवला. "ती गेली आन् त्यानं कंपनी सोडली," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी समद्यांना भेटला, पन आमच्या खात्यात पाऊल टाकलं न्हाई. दारातनंच हात केला मला. त्या टाकीकडं बघवलं नसंल."

परतताना निगडीच्या चौकात सिग्नल सुटला तरी अनुया थांबूनच राहिली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा भानावर आली. ती आईला शोधायला निघाली होती. आई सापडली होती, ओंजळभर का होईना. पण पेपरामागे बसलेला तो माणूस, ज्याच्यावर ती वर्षानुवर्षं मनातून रुसली होती, तो आता तिला हवाहवासा वाटत होता. त्याला विचारायचं होतं. तो नकला करताना पाहायचा होता. आणि तो वर्षभरापूर्वी गेला होता.

ती सांगवीला गेलीच नाही. आकुर्डीला वळली. विजयश्रीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. "कळलं का गं कुणी केलीय?" त्यांनी विचारलं.

कारखान्यातल्या कुणीतरी केली, असं सांगायचं अनुयाने वाटेत ठरवलं होतं. या बाईने इतकी वर्षं ती फुलदाणी पुसली होती. तिला कशाला दुखवायचं. पण समोर बसल्यावर खोटं जिभेवर येईना. तिने सगळं सांगितलं. लेथ, टाकी, आंघोळ, हशा.

विजयश्रीबाईंचे हात थांबले. "यांनी?" त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "बडबडे होते?"

"हो म्हणे. शिफ्टभर."

"मला वाटायचं, माणूसच मुळात अबोल. मग मीही कमी बोलायला लागले." त्यांनी मेथीची एक काडी उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. "नकला कशा करायचे?"

अनुया उठली. एक हात पाठीशी घेतला, नाक वर केलं आणि शोकेसपासून दारापर्यंत चालून दाखवलं. तिला ते नीट जमलं नाही. तरी विजयश्रीबाई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. अनुया त्यांच्याजवळ जाऊन बसली.

मग विजयश्रीबाई म्हणाल्या, "मला नेशील तिच्याकडे? मलाही ऐकायचंय, कसे होते ते."

अनुयाने तिथूनच देहूरोडला फोन लावला आणि आई येऊ का म्हणून विचारतेय, असं सांगितलं. कोणती आई, ते कस्तुराबाईंनी विचारलं नाही. "या की दोघी," त्या म्हणाल्या. "जेवायलाच या."