सासऱ्यापुढची खुर्ची

शेवटची भाकरी तव्यावरून उतरवून म्हाळसाने चुलीपुढून उठण्यासाठी भिंतीचा आधार घेतला. गुडघे कटकन वाजले. ओसरीवर बाजेवर बसून सासरे, म्हस्कूआबा, चहाची वाट पाहत होते. पन्नाशीतल्या सुनेला उठायला एवढा वेळ का लागतो, हे वडगाव रासाईच्या त्या घरात कुणी कधी विचारले नव्हते.

२००८ साल होते. नुकताच नवरा बिरदेव तिला शिरूरच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. खिशात पेपरातली जाहिरात होती: स्टेम सेलची सुई घ्या, गुडघा नवा करा.

"खर्चाचं मी बघतो, ही सुई द्या," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरला. "कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी गुडघ्यात सोडतात. अभ्यास चाललाय, आशाही आहे. पण झिजलेली गादी त्यानं पुन्हा भरतेच, असं आज कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. वय, वजन यांचाही भाग असतो. पण ताईंनी जन्मभर डोक्यावर हंडे वाहिले, उकिडवं बसून चूल आणि धुणं केलं. तेच चालू राहिलं तर सुई काय करणार? चूल ओट्यावर घ्या. मांड्यांचा व्यायाम करा. आणि यांना बसायला खुर्ची द्या."

बिरदेवचा चेहरा उतरला. सासऱ्यापुढे सुनेने जमिनीवरच बसायचे, ही त्यांची रीत. घरात खुर्च्या होत्या. त्यांवर पाहुणे बसत, धुतलेली गोधडी वाळत पडे, फक्त सुना बसत नसत. याला आपण मान म्हणतो, वळण म्हणतो. त्या फोटोत मात्र ते वळण झिजलेल्या हाडासारखे दिसत होते, आणि याची चीड यायला डॉक्टर असावे लागत नाही.

आज चुलीवर चहा ठेवताच बिरदेव तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पुण्याला जाऊन सुई घिऊ. खुर्चीचं नको काढू. आबाला काय वाटंल?"

"म्हंजी माझ्या हाडातला मगज काढलेला चालंल, पन खुर्ची न्हाई?"

तिने खुर्ची ओढत ओसरीवर आणली आणि सासऱ्यासमोर बसली.

"रीत इसरलीस व्हय, म्हाळसा? खाली बस," आबा म्हणाले.

"इसरले न्हाई, मामा. रीत माझ्या गुडघ्यात हाय. आत्याबाई शेवटी रांगत मोरीला जायच्या. तुम्ही ह्याच बाजंवरनं बघत हुता. मी रांगनार न्हाई. तुमचा मान मोठा हाय, पन त्यो माझ्या गुडघ्यावर नका ठिवू."

बायकोची आठवण निघताच आबांनी नजर अंगणाकडे वळवली. बिरदेव दारातच उभा राहिला. म्हाळसाची सून धनश्री चहा घेऊन आली, कप ठेवला आणि सवयीने उंबऱ्याशी जमिनीवर टेकली.

"धनश्री, उठ. दुसरी खुर्ची आन आन् बस."

"तिच्यावर गोधडी वाळतीय, आत्या."

"गोधडी खाली टाक."