थांबलेल्या चाकाचा आवाज

मी एक जुना, लांबलचक पेचकस आहे, मित्रांनो, पण स्क्रू पिळून मला कैक वर्षं झाली. माझं काम ऐकण्याचं. गाडीतून खरखर यायला लागली की आमचे मिस्त्री माझं टोक गाडीच्या लोखंडावर टेकवतात आणि माझी लाकडी मूठ कानाला लावतात. आतली कुरकुर माझ्या अंगातून थेट त्यांच्या कानात जाते. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते ना, तसाच मी. फक्त मला कोणी गळ्यात घालत नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला, दुकानातल्या खिळ्यावर मी वर्षभर लोंबकळलो आणि मग मिस्त्रींच्या हाती लागलो. फोर-व्हील ड्राइव्हच्या गाड्या म्हणजे त्यांचा हातखंडा. अशा गाडीतला आवाज शोधणं महाकठीण. पुढे यंत्र, मागे यंत्र आणि मधे एक पेटी, जी इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते. दुखतं एका जागी आणि गाडी कण्हते दुसऱ्याच जागी! पण मिस्त्री डोळे मिटून मला चार ठिकाणी टेकवायचे आणि नेमकं दुखणं सांगायचे. शाबासकी त्यांना मिळायची, फुगायचो मी. गेली दोन वर्षं तर ते मला जास्तच वेळ, जास्तच जोरात कानाला दाबून धरायचे. मला वाटलं, माझा भाव वधारला. किती मूर्ख होतो मी!

परवा डोंगरावरच्या दवाखान्यातल्या नर्सताई रुग्णांची ने-आण करणारी गाडी घेऊन आल्या. "मिस्त्रीकाका, गेल्या आठवड्यात तुम्ही पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललंत, तरी खरखर आहेच. उलट वाढलीय." मिस्त्री नुसते हसले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या लेकीने गाडी लोखंडी स्टँडवर चढवून चारही चाकं अधांतरी केली आणि आत बसून गिअर टाकला. मिस्त्री गाडीखाली सरकले. त्यांनी मला मधल्या पेटीवर टेकवलं आणि मी हादरलोच. आत दात्यांवर दाते घासत होते! मी जीव तोडून सगळं त्यांच्या कानाकडे पाठवलं. मिस्त्रींनी मला शांतपणे उचललं आणि डाव्या चाकाशी नेलं.

तेवढ्यात नर्सताईंनी काहीतरी विचारलं, म्हणून लेकीने गिअर काढला. इंजिन चालू राहिलं, चाकं मात्र थांबली आणि खरखरही थांबली. मिस्त्रींचे डोळे मिटलेलेच होते. मान डोलावत ते म्हणाले, "हं, येतोय आवाज. हेच चाक घासतंय."

"बाबा, चाकं थांबलीत," लेक म्हणाली.

"बघ, कसं घासतंय."

"बाबा!" ती ओरडली. ते हललेसुद्धा नाहीत. तिने गाडीतून उतरून, खाली वाकून खांदा धरला तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. थांबलेलं चाक पाहिलं, मग तिचा चेहरा पाहिला. मित्रांनो, ज्या कानाला मी तीस वर्षं चिकटलो होतो तो कान बंद पडला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता!

लेकीने मला त्यांच्या हातून घेतलं. नर्सताईंना आत बसून गिअर टाकायला सांगितलं आणि मिनिटभरात ती मधल्या पेटीशी पोचली. मग इंजिन बंद करून तिने पेटीचं बूच उघडलं. तेल आलंच नाही. चमचाभर काळा चिखल आला, त्यात लोखंडाचा चुरा चकाकत होता.

"उतारावर ही पेटी अडकली असती तर चाकंच जखडली असती," ती म्हणाली.

मिस्त्रींनी गाडीखालून बाहेर येऊन तो चुरा तळहातावर घेतला. नर्सताईंच्या ओठांकडे टक लावून विचारलं, "या आठवड्यात गाडीतून कुणाला खाली आणलंत?"

"एका बाळंतिणीला," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि तिच्या दोन दिवसांच्या बाळाला."

मिस्त्रींनी चुऱ्यावर मूठ मिटली. "दोन वर्षं झाली गं," ते लेकीला म्हणाले. "नुसत्या अंदाजावर चालवलं. काम सुटेल या भीतीने बोललो नाही."

मित्रांनो, मला गंज चढला तर तो दिसतो. कानाचं तसं नसतं. घरातल्या मोठ्या माणसाने एकच प्रश्न दोनदा विचारला तर हसू नका, जवळ जाऊन विचारपूस करा. आणि उद्या तुम्हालाच कमी ऐकू यायला लागलं तर एक दिवसही लपवू नका.

मिस्त्रींनी हात पुसले. खिशातला फोन त्यांनी लेकीच्या हातात दिला. "दोन वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली एकूण एक गाडी परत बोलव. आणि का बोलावतोय, तेही खरं सांग." तिने पहिला नंबर लावला. ती खरं सांगतेय ना, हे तिच्या ओठांवरून वाचत मिस्त्री समोर उभे राहिले.