लाइलचा विक्रमी हिट

आमच्या विल्कर्टनच्या बेसबॉल संघात कुणी फार टिकत नाही. चांगले खेळणारे वरच्या संघात जातात, वाईट खेळणारे घरी जातात. लाइल होस्टेटर मात्र वर्षानुवर्षं इथेच राहिला, तोही माझ्या माडीवरच्या खोलीत, कारण खेळाडूंना आमच्याकडे गावातली घरंच ठेवून घेतात. वर न्यावं इतका तो मोठा खेळाडू नव्हता, हाकलावं इतका वाईट नव्हता. म्हणून तर संघाकडून सर्वांत जास्त हिट मारण्याचा, म्हणजे चेंडू टोलवून पहिला बेस गाठण्याचा, विक्रम त्याच्यापासून एका हिटवर येऊन ठेपला.

गावाला कोण कौतुक! संघाच्या मालकाने चौकात त्याचा फोटो टांगला, पाद्रीबाबांनी रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना केली. आणि नेमकी तेव्हाच त्याची बॅट रुसली. सामन्यामागून सामने गेले, लाइल हात हलवत परत यायचा. बिचाऱ्याला दडपण आलंय, असं लोक म्हणायचे. मीही त्याला बटाटे-मटण खाऊ घालून धीर देत होते.

शेवटी एका सकाळी कॉफी पिताना त्याने सांगून टाकलं. मालक मॅनेजरला म्हणाला होता, विक्रम होईपर्यंत तिकिटं खपू देत, झाला की याला नारळ द्या. लाइलने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"म्हणजे तू मुद्दाम चुकवतोस?"

"मला दुसरं काय येतं, डोरीनमावशी? हिट नाही तोवर मी खेळाडू."

मालकाच्या नावाने माझं डोकं असं फिरलं! मी म्हटलं, "मग नको मारूस मेल्या. हंगाम काढ."

शनिवारी शेवटच्या डावात बरोबरी होती आणि तिसऱ्या बेसवर, जिंकायची धाव घ्यायच्या बेतात, आमचा माणूस उभा होता. लाइल बॅट घेऊन आला. पहिल्या दोन चेंडूंवर त्याने नुसतीच बॅट फिरवली. मला हायसं वाटलं; तिसराही चुकला की तो बाद. तिसरा चेंडू आला आणि त्याच्या मनगटांनी त्याचं ऐकलंच नाही. चेंडू तो टाकणाऱ्या पिचरच्याच डोक्यावरून सरळ मोकळ्या मैदानात गेला. सामना जिंकला, विक्रमही झाला.

सगळे उभे राहिले. लाइल पहिल्या बेसवर तोंड झाकून रडत होता. शेजारची आयव्ही मला म्हणाली, आनंद मावत नाहीये गं पोराचा. मी त्याचं जेवण गरम करायला घरी निघाले.

तो घरी आला तेव्हा मॅनेजरचं 'उद्यापासून येऊ नकोस' असं सांगून झालं होतं. त्याने ताटाला हात लावला नाही.

"चेंडूच इतका सुरेख आला, मावशी," तो म्हणाला. "सोडवेना."