तिसरी खाच

लोरिंत्स मास्तरला काय मिळणार होतं, ते आधी सांगते. शहरातल्या शाळेचं मुख्याध्यापकपद आणि राहायला दोन कोरड्या खोल्या. पदाचा मोह होताच. पण खरी ओढ खोल्यांची. त्याची चार वर्षांची मुलगी इल्का ओल धरलेल्या घरात खोकून खोकून निळी पडायची. बदल्यात एवढंच करायचं होतं: वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्या चर्चमध्ये ते गीत होऊ द्यायचं नाही.

मित्रांनो, मी त्या चर्चमधली जुनी लाकडी पाटी. गावच्या सुताराने अक्रोडाच्या फळीतून घडवलेली. अंगावर तीन खाचा, प्रत्येक खाचेत त्या दिवशीच्या एका गीताचा क्रमांक. माणसं आत आली की देवाआधी माझ्याकडे बघत आणि पुस्तकाचं पान काढत. मला वाटे, हा मान माझाच!

वर्षारंभी मात्र तिसरी खाच मुद्दाम रिकामी असे. त्या दिवशी शेवटी हंगेरियनांचं राष्ट्रगीत व्हायचं, त्याला पुस्तक कशाला? त्यात विजयाची आरोळी नाही बरं. सोसून थकलेल्या माणसांनी देवापुढे पसरलेला पदर आहे तो. पुढे पहिलं महायुद्ध संपलं, सीमा सरकली, गाव जागच्या जागी राहून परक्या राज्यात गेलं. गीतावर बंदी आली. आठ वर्षं माझ्या तिसऱ्या खाचेत कुठलातरी आकडा निमूट बसत राहिला.

लोरिंत्स गावात नवा, डोंगरापलीकडचा; शाळा सांभाळून चर्चमध्ये ऑर्गन तोच वाजवायचा, माझे आकडेही तोच लावायचा. नवव्या वर्षारंभी, खोल्या देऊ करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने त्याला बजावलं, "दोन गीतं झाली की लोकांना घरी पाठवा, मास्तर. तिसरं नकोच. मी मागच्या बाकावर आहे." मास्तरने इमानदारीत तिसरी खाच रिकामी ठेवली. आमची खूण त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक!

पिरोश्का आजीने चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "अगं बाई! दिसतो शेळपट, पण छाती आहे हो पोराला!"

"हळू बोल," शेजारीण कुजबुजली, "मागे पाहुणा बसलाय."

"बसू दे. उठेल आपोआप."

दुसरं गीत संपलं. मास्तर ऑर्गनचं झाकण लावायला गेला, तोच सव्वाशे पुस्तकं एकदम मिटली. सगळे उभे राहिले. आजीने सूर धरला आणि मी खिळ्यासकट थरथरले. बांधावरून वर्षभर अबोला धरलेले दोन भाऊ एकाच शब्दावर थांबत होते, एकाच शब्दावर श्वास घेत होते. आकडे दाखवण्यात माझा जन्म गेला. त्या दिवशी लोक माझी रिकामी जागा वाचत होते. अधिकारी उठला खरा, पण उभ्या माणसांतून दारापर्यंत पोचायला त्याला एक अख्खं कडवं लागलं.

मास्तरचा हात झाकणावर तसाच. लावलं असतं, तर खोल्या त्याच्या होत्या. पुढच्या बाकावर इल्का शब्द येत नसताना तोंड हलवत होती. त्याने झाकण उघडलं आणि वाजवलं, शेवटपर्यंत.

पुरावा म्हणून मलाच उचलून नेलं! रिकाम्या खाचेत गुन्हा कुठे आहे, ते कोणालाच दाखवता येईना. सरकारी कोठारात, मोडक्या खुर्च्यांत मी कित्येक वर्षं कीड सोसली. राज्य पालटल्यावर परत आले, तर माझ्या जागी गीतांचे शब्द दाखवणारा उजेडाचा पडदा. आता मी दारामागे टांगलेली असते. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण ते गीत पडद्यावर वाचून म्हणू नका. पाठ करा. फार महाग पडलंय ते.

आजीने तीन दिवसांची चौकशी भोगली. मास्तरची होती ती नोकरीही गेली, वर पाच वर्षं जंगलात सक्तीची लाकूडतोड. अधिकाऱ्याचं काहीच गेलं नाही. उरली इल्का. म्हातारी झाली आता. ओलीने तिची फुप्फुसं कायमची खाल्ली. वर्षारंभी ती दाराशी, माझ्या शेजारी उभी राहते. दुसऱ्याच ओळीला तिचा दम संपतो. मग ती माझ्या तिसऱ्या खाचेवर हात ठेवते, आणि उरलेलं गीत गाव पुरं करतं.