मागच्याप्रमाणे

ताईने ट्यूब ज्योतीवरून काढली आणि सरळ उलटी धरली. आतलं खाली पडलं नाही. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं ते काचेला घट्ट धरून बसलं होतं. तिने ट्यूब टेबलाच्या कडेवर हलकेच आपटून पाहिली. ढिम्म हललं नाही.

अकरा वर्षं ती लघवी तपासत होती, पण इतकं प्रथिन तिने दोन-तीनदाच पाहिलं असेल. मिनिटभर आधी रंगपट्टीनेही तेच सांगितलं होतं. पट्टीवर भागतंय की, दिवा कशाला जाळता, असं आयाबाई रोज म्हणायची. पण आचेवर बघितल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, हा ताईचा खाक्या होता.

मग तिने डबीवरचं लेबल वाचलं. ‘घरचं’.

या प्रसूतिगृहात काम करणाऱ्यांपैकी कुणाचा नमुना आला की त्यावर नाव घालत नसत, नुसतं ‘घरचं’ लिहीत. तो वहीतही चढवत नसत. आयाबाईची साखर घरची, वॉचमनची कावीळ घरची. पण गर्भवतींची पिवळ्या टोपणाची डबी देणारी घरची बाई सध्या एकच होती. मॅडम. या दवाखान्याच्या मालकीण आणि इथल्या एकुलत्या एक डॉक्टर. त्यांना आठवा महिना होता.

ताईला आनंद झाला. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा, झालाच. इतका झाला की ट्यूब स्टँडमध्ये ठेवून ती तिच्याशी बोलायलाच लागली.

“घ्या,” ती ट्यूबकडे बघून म्हणाली. “आता घ्या गुलाबी सिरप.”

तीन वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण आठव्या महिन्यात याच दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसली होती. पाय चपलेत मावत नव्हते, डोकं ठणकत होतं, उजव्या बरगडीखाली दुखत होतं. मॅडम म्हणाल्या, ॲसिडिटी आहे, पहिलटकरणींना कशाचीही भीती वाटते, आणि गुलाबी सिरप लिहून दिलं. रांग मोठी होती. लघवी तपासायला वेळ नव्हता, म्हणून कार्डावरच्या त्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘मागच्याप्रमाणे’. गर्दीच्या दिवशी त्या सगळ्यांच्याच कार्डांवर तसं लिहायच्या. महिन्यापूर्वी काही नव्हतं ना, मग आजही नसणार! त्याच संध्याकाळी धाकटीला ओट्यापाशी झटके आले. मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत बाळ गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तीही गेली.

तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ताईला धाकटीची वार दाखवली होती. ताई लॅबमधली, म्हणून दाखवली असेल. किंवा ती हटूनच बसली होती म्हणून. पसरट भांड्यात तळहाताएवढी वार, मध्ये मध्ये फिकट, कडक चट्टे. ते म्हणाले, हे आजचं नाही बाई. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वारेची मुळं आईच्या रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्या रुंद करतात. इथे त्या अरुंदच राहिल्या. मग वार उपाशी राहते, तिच्यातून नको ते आईच्या रक्तात उतरतं, प्रेशर चढतं, मूत्रपिंडांतून प्रथिन गळायला लागतं. सुरुवात कुणाला दिसत नाही, पण शेवटी शेवटी लघवीत दिसतं. बघणारं कुणीतरी हवं.

वर्षभराने इथे लॅबची जागा निघाली आणि ताईने ती धरली. सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. कशासाठी आलो, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. ही बाई नजरेआड होऊ द्यायची नाही, एवढंच. ती आल्यापासून एकाही कार्डावर ‘मागच्याप्रमाणे’ लिहिलं गेलं नव्हतं. रांग दारापर्यंत गेली तरी ती प्रत्येकीकडून डबी मागून घ्यायची. “आमची ताई म्हणजे भारी काटेकोर,” मॅडम कौतुकाने सांगायच्या. ते कौतुक ऐकलं की ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. मॅडमचा मागच्या महिन्याचा नमुना स्वच्छ होता. पेनाचं टोपण काढून तिने शांतपणे, चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘मागच्याप्रमाणे’.

शाई वाळते न वाळते तोच दार ढकलून मॅडम स्वतःच आत आल्या. चेहरा फुगलेला, बोटात अंगठी नाही, पायात सपाता, बहुतेक नवऱ्याच्या.

“झालं का गं घरचं?”

“झालं.” ताईने चिठ्ठी पुढे केली. ट्यूब तिच्या पाठीमागे होती.

मॅडमनी वाचलं आणि हुश्श केलं. “वा! सुटले बाई. आमचे हे सारखे मागे लागलेत, पाय बघ, पाय बघ. आठव्या महिन्यात पाय सुजणार नाहीत तर काय वाळणार?”

“प्रेशर कधी बघितलंत?”

“बघीन गं. सकाळपासून एकवीस बायका झाल्या, माझी पाळी कधी यायची?” त्यांनी चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकली. “डोकं मात्र चढलंय. आणि ही मेली ॲसिडिटी. दोन झाकणं सिरप घेतलं, तरी उतरत नाही.”

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तीन वर्षं तिला वाटत होतं की धाकटीला या बाईने कस्पटासमान लेखलं, म्हणून ती मेली. पण ही बया तर स्वतःलाही तेच सिरप पाजत होती!

मॅडम वळल्या. दारापाशी त्यांनी चौकटीला धरलं, दुसरा हात उजव्या बरगडीखाली दाबला आणि तोंडाने श्वास घेत उभ्या राहिल्या.

जाऊ दे, ताईच्या मनात आलं. तिने दिव्यावर टोपण ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. मॅडम जातील. रात्री नाहीतर उद्या झटके येतील, आणि आपल्याला काय झालं, ते का झालं, हे त्यांना कळणारसुद्धा नाही. हे तर फुकटचंच सुटणं झालं.

“मॅडम,” ती म्हणाली. “हे जरा बघता?”

तिने ट्यूब उलटी धरून पुढे केली. मॅडम जवळ आल्या आणि वाकल्या. चेहरा एका क्षणात बदलला, त्या पुरत्या डॉक्टर झाल्या.

“अगं आई गं! कुणाचं हे?”

“माझ्या बहिणीचं.”

“किती महिने?”

“आठवा. पाय सुजलेत, डोकं दुखतंय. इथे, बरगडीखालीही दुखतंय.”

“कुठे आहे ती? घरी? घरी काय करतेय, वेडी आहेस का तू?” मॅडमचा आवाज चढला. “आत्ताच्या आत्ता बोलाव. नको, बोलवू नकोस, गाडीच पाठव. फिट येऊ नये म्हणून इंजेक्शन लागेल, प्रेशर उतरवावं लागेल, कदाचित आजच बाळ काढावं लागेल. मोठ्या रुग्णालयात मी फोन करते. एक मिनिटसुद्धा घालवू नकोस.”

ताई हे सगळं ऐकत होती. तीन वर्षांपूर्वी याच तोंडातून निघायला हवा होता तो शब्दन् शब्द आज निघत होता, बिनचूक, एकही न गाळता. तिने ट्यूब परत स्टँडमध्ये ठेवली.

“ॲसिडिटी नसेल?” तिने विचारलं.

“ॲसिडिटी? कुठल्या गाढवाने सांगितलं?”

“तुम्ही.”

वाकलेल्या मॅडम सरळ झाल्या.

“ती गेली, मॅडम. तीन वर्षं झाली. बाळही गेलं. लघवी तपासली नव्हती, कार्डावर तुम्ही ‘मागच्याप्रमाणे’ लिहिलं होतं.” ताईने पिवळ्या टोपणाची डबी उचलून लेबल त्यांच्याकडे फिरवलं. “हे तुमचं आहे.”

मॅडमचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ताईने स्टूल ओढून त्यांच्या मागे सरकवलं, तेव्हा त्या बसल्या. दारातून ताईने आयाबाईला हाक मारून गाडी बोलवायला सांगितली, प्रेशरचं मशीन आणून पट्टा मॅडमच्या दंडाला बांधला आणि मोठ्या रुग्णालयाला फोन लावला. एकशे बहात्तर, खाली एकशे चौदा. हे आकडे तिने फोनवर दोनदा सांगितले, लघवीचंही सांगितलं. इंजेक्शन तयार ठेवतो, असं पलीकडून उत्तर आलं.

“मला आठवत नाहीये,” मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. “खरंच गं. ती मला आठवत नाहीये.”

“माहीत आहे.”

“नाव काय होतं तिचं?”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. ताईने पट्टा सोडून नीट गुंडाळला.

“आत्ता नाही सांगणार,” ती म्हणाली. “बाळ घेऊन, बऱ्या होऊन परत या. मग सांगेन. रोज सांगेन.”