बाळ्याच्या अंगावरची धूळ

कामाच्या जागी हवेत किती धूळ आहे ते मोजणं हा माझा धंदा. त्यामुळे मी जिथे जाते तिथे लवकरच माझं नाव 'धूळबाई' पडतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे दगड कापायच्या त्या कारखान्यात तर ते पहिल्याच सकाळी पडलं, आणि पाडणारा होता हत्ती.

हत्ती म्हणजे तिथला सगळ्यात जुना ग्राइंडरवाला. पन्नाशीचा, दारातून अंग चोरून आत येणारा. आवाज असा की ग्राइंडर चालू असतानाही त्याची हाक रस्त्यापलीकडे जावी. दगडाच्या कडा घासून गोल करायचं काम त्याच्याकडे होतं. सगळ्यात जास्त धूळ त्याच्याच नाकासमोर उडणार, म्हणून मी आधी त्यालाच पकडलं.

"हे काय बांधताय मला?"

"कमरेला हा पंप. ही नळी पाठीवरून वर. आणि कॉलरला ही डबी, हिला सायक्लोन म्हणतात. तुमच्या नाकाजवळची हवा ही आत ओढते आणि गरगर फिरवते. जाड धूळ खाली टोपणात पडते. अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारी, छातीत खोल जाऊन बसणारी धूळ वरच्या फिल्टरवर अडकते. मग मी त्या फिल्टरचं वजन करणार."

"आणि माझं?"

"तुमच्यासाठी काटा कुठून आणू, दादा?"

अख्खी शेड हसली. सगळ्यात मोठ्याने तोच. मी त्याला दोन गोष्टी बजावल्या. सुटी होईपर्यंत हे काढायचं नाही, जेवतानाही नाही. आणि डबी कधीही उलटी करायची नाही. उलटी झाली की खालची जाड धूळ फिल्टरवर सांडते आणि अख्ख्या दिवसाची मेहनत पाण्यात.

"उलटी कशाला होईल? मी काय डोक्यावर उभा राहणार आहे?" तो म्हणाला.

बाकीच्यांचे फिल्टर ठीक निघाले. हत्तीचा मात्र इतका जड भरला, की खरा मानला तर हा माणूस धुळीत पोहत असायला हवा. मी फिल्टर भिंगाखाली धरला. वर मोठाले कण पसरले होते. सायक्लोनमधून असले कण वर येऊच शकत नाहीत. डबी उलटी झाली होती.

मी पुन्हा गेले. हत्तीने शपथेवर सांगितलं, "बाई, क्षणभरसुद्धा काढली नाही." सांगताना मात्र तो माझ्याकडे न बघता हातातला मास्क उलटसुलट करत होता. मी नवा फिल्टर लावला. तोही तसाच निघाला.

तिसऱ्या खेपेला मी ठरवलं, आज या माणसाची पाठ सोडायची नाही. सकाळभर मी त्याच्या आसपास घुटमळले. डबी सरळ, पंप व्यवस्थित. जेवणाची घंटा झाली तशी बाकीचे सावलीत बसले आणि हा एकटा शेडमागे निघाला. मी चार पावलं मागून गेले.

मागे एक नळ होता. नळापाशी एक म्हातारी उभी होती. अंगाने काडी, उंचीने हत्तीच्या खिशाइतकी. तिने डबा कट्ट्यावर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "चल, वाक."

आणि तो डोंगराएवढा माणूस गुडघ्यांवर हात टेकून निमूट वाकला. डोकं पार जमिनीकडे. म्हातारीने त्याच्या केसांत बोटं घालून खसाखसा धूळ झाडली, मग मान, मग पाठीवर दणादण धपाटे. "कान! कानामागे बघ काय साठलंय, बाळ्या! आणि हे काय लोंबतंय गळ्यात?"

"असू दे गं ताई. काढायचं नाही म्हणून सांगितलंय."

माझी डबी त्याच्या कॉलरवर साफ उलटी होऊन प्रत्येक धपाट्यासरशी हिसके खात होती.

मला हसू आवरलं नाही. त्याने खालूनच, स्वतःच्या पायांमधून, मला पाहिलं. ताडकन सरळ झाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"बाई, आत नका सांगू कुणाला," तो पुटपुटला. "हत्ती म्हणतात ते बरंय. बाळ्या कळलं तर जगू देणार नाहीत."

ती त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा दुपट्यात होता आणि ताई स्वतःच शाळकरी. तिनेच त्याला वाढवलं. पुढे नवरा वारल्यावर ती याच्याकडेच राहायला आली. दुपारी गरम डबा आणायचा आणि जेवायच्या आधी याला झाडून घ्यायचं, हा तिचा रिवाज. अंगावर धूळ घेऊन घास खाऊ नये, इतकंच तिचं म्हणणं.

मी हसत होते खरी, पण ताई एव्हाना खोकायला लागली होती. कोरडा, तळातून येणारा खोकला. "हे काही नाही, जुनंच आहे," म्हणत तिने तोंड पुसलं. तिच्याभोवती उन्हात झाडलेली धूळ अजून तरंगत होती. हत्ती काम करताना मास्क लावत होता. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, हे यंत्र थोडे दिवस तुम्हाला लावू?"

"मला? मी कुठे इथे कामाला आहे?"

"थोडा वेळ तर असताच की."

तिला गंमत वाटली. पुढचे काही दिवस दुपारी नळापाशी आणि संध्याकाळी त्याचे कपडे झटकून धुताना ती पंप लावून मिरवली. डबी सरळ ठेवण्यात तिने कसूर केली नाही. फिल्टरचं वजन केलं आणि माझं हसू मावळलं. त्या तेवढ्या वेळात तिच्या नाकाशी जितकी बारीक धूळ होती, तितकी बाकीच्या ग्राइंडरवाल्यांच्या नाकाशीही नव्हती.

मी हत्तीला बाजूला घेऊन सांगितलं. तो फक्त कमरेचा पट्टा उगाच घट्ट करत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नळाखाली डोकं धुऊन, शर्ट बदलून आधीच तयार बसला होता. ताई आली, पदर खोचला, म्हणाली, "वाक."

"नको. झालंय माझं."

"असं कसं झालं? कानामागे..."

"ताई, हात नको लावूस मला!"

त्याचा तो आवाज शेडच्या पलीकडे गेला असेल. ताईने हात मागे घेतला. डबा ठेवला, पदर सोडला आणि निघाली. तिचा चेहरा बघवेना. मीच पुढे होऊन म्हटलं, "दादा, खरं काय ते सांगा त्यांना."

तो कट्ट्यावरून उठला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "तुझा खोकला माझ्यामुळे आहे," तो म्हणाला, आणि एवढा मोठा गडी हुंदक्याने गदगदला. "मी घरी येतो तेव्हा तुझ्यासाठी ही धूळच घेऊन येतो गं."

ताईने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढंच ना? गोवर तुझा घेतला, खरूज तुझी घेतली, उवा तर किती वेळा घेतल्या. धूळ तेवढी राहिली होती."

"ताई, मस्करी नाही ही."

"मग रडतोस कशाला? उपाय विचार की हिला. शिकलेली दिसतेय." मला म्हणाली, "बोल पोरी, काय करायचं?"

मी सांगितलं. दगड कोरडा घासायचाच नाही, घासताना त्यावर पाण्याची धार हवी. कपडे झटकायचे नाहीत, बारीक धूळ धरून ठेवणाऱ्या व्हॅक्यूमने साफ करायचे आणि कारखान्यातच बदलायचे. मालकांनी कुरकुर केली, फरशी ओली होईल म्हणाले. तेव्हा ताई त्यांच्या केबिनमध्ये गेली. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. बाहेर आल्यावर मालकांनी प्लंबरला फोन लावला.

माझ्या सांगण्यावरून डॉक्टरांनी सगळ्यांच्या, ताईच्याही, छात्या तपासल्या. हत्तीच्या छातीच्या एक्स-रेत धुळीची एक बारीकशी खूण निघाली. ती आहे तिथेच थांबावी म्हणून कोरड्या धुळीत पुन्हा उभं राहायचं नाही, असं त्याला बजावलं. ताईचा खोकला औषधाने आणि धूळ थांबल्याने कमी होत गेला, पार गेला मात्र नाही.

व्हॅक्यूम आला तेव्हा तो कुणी चालवायचा यावर वाद झालाच नाही. ताईने मास्क चढवला आणि नळी हातात घेतली.

"ताई, केस ओढतेयस!"

"आहेत कुठे ओढायला? मागे वळ."

शेडमधले सगळे जेवण सोडून बघायला जमले होते. 'बाळ्या' आता सगळ्यांनाच कळलं होतं. गंमत म्हणजे कुणी चिडवलं नाही. उलट एकेक जण तिच्यासमोर रांगेत उभा राहिला.

मग मी हत्तीला पुन्हा डबी लावून शेवटची मोजणी केली. या खेपेला फिल्टरवर एकही जाड कण नव्हता, आणि वजन मर्यादेच्या बरंच खाली. आकडा सांगायला मी गेले तेव्हा दुपार टळून गेली होती. ताई नळापाशी उभी होती.

"कमी आलंय, ताई."

"म्हणजे चांगलं ना?"

"खूप चांगलं."

"मग जा, सांग त्याला आधी," ती म्हणाली. "तू येईपर्यंत जेवणार नाही म्हणून बसलाय. डबा पार गार झाला."